खालची रांग

शुक्रवार, १८ जुलै

चिरंजीव जावईबापू,

पोटभर आशीर्वाद. तब्येत बरी असेल. माझे गुडघे जागेवर आहेत, कुरकुर तेवढी चालू आहे. तुमची बायको माझ्याकडे सुखरूप आहे. भांडून आलेल्या माणसाची भूक मरते म्हणतात, हिची वाढली आहे. दिवसभर माझ्या रद्दीच्या वखारीत बसून खोकी फाडते. इतक्या रागाने फाडते की दोन बायकांचं काम एकटी उरकते.

बाजाराची बातमी कागदाच्या मिलच्या फाटकावर तुम्हाला माझ्याआधी कळते, तरी लिहिते. परदेशी रद्दीवरचा कर काढल्यापासून ते गठ्ठे सरकारचे जावई झाले आहेत. कोरडे ठणठणीत, पट्ट्या आवळून थेट आत. आमच्या गाडीच्या मात्र प्रत्येक रांगेत तुम्ही लोक सळई खुपसून ओल मोजणार आणि जरा जास्त निघाली की गाडी परत. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. वजन वाढवायला पाणी मारणारे आमच्यातच आहेत. पण तिकडचा स्वस्त माल आणि इकडचा कडक नियम एकदमच आले, आणि लहान वखारी पटापट बंद पडल्या.

त्या दिवशीची गाडी मिलने घेतली नाही तर माझीही बंद पडेल आणि माझ्याकडच्या बायका घरी बसतील, अशी धास्ती होती. म्हणून छप्पर गळून भिजलेले गठ्ठे मी खालच्या रांगेत लावले. पाणी मी मारलं नव्हतं, पण लपवलं मीच. फाटकावर नेमकी तुमची पाळी असेल हे मला ठाऊक नव्हतं, एवढं मात्र खरं माना.

आता ज्यासाठी कागद पुढे ओढला ते लिहिते.

दुसऱ्यांच्या गाडीपाशी तुम्ही गुडघे टेकून खालची रांग तपासता. त्या दिवशी सळई वरच्याच गठ्ठ्यात घातलीत, खालून पाणी ठिबकताना पाहिलंत, आणि पास लिहायला पेन काढलंत. एक ओली गाडी सोडली म्हणून तुमच्या आधीच्या तपासनिसाला घरी बसवलं होतं. गाडीबरोबर आलेली मी हळूच म्हटलं, "अहो, खालची रांग राहिली."

तुम्ही दातांतल्या दातांत पुटपुटलात, "आई, तुम्ही गप्प बसा."

लग्न झाल्यापासून तुम्ही मला कधी आई म्हटलं नव्हतं. म्हटलंत तेही गप्प बसवायला!

माझ्यासाठी स्वतःच्याच पोटावर पाय द्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. डोळे भरून आले, पण रडायला वेळ कुठे होता? तुमच्या हातातली सळई ओढून मीच खाली खुपसली. सळईला जोडलेलं यंत्र किंचाळलं, पहारेकरी वळला, आणि सुचलं तसं मी कमरेवर हात ठेवून तोंडाचा पट्टा सोडला. "सासूची गाडी परत पाठवता? काही लाज आहे की नाही?" सगळ्यांना वाटलं, ओल तुम्हीच पकडलीत.

नाटक फारच रंगलं. संध्याकाळपर्यंत ते तुमच्या घरी पोचलं, आणि तुमची बायको पिशवी भरून माझ्या दारात हजर. "माझ्या आईचा चारचौघांत अपमान करतो म्हणजे काय!" तुम्ही तिला खरं सांगितलं नाहीत. माझी लबाडी झाकायला स्वतः वाईट झालात. आणि मी समोर बसून ऐकत राहिले. मुलीसमोर लबाड ठरायला कोणत्या आईला आवडेल?

गठ्ठ्यांच्या पट्ट्या सोडून आम्ही पुठ्ठे दोरीवर, भिंतीवर, माझ्या पलंगावरसुद्धा वाळवले. काल दुसऱ्या तपासनिसाने सगळ्या रांगा तपासून तीच गाडी घेतली. तुमचे मॅनेजर म्हणाले म्हणे, "जो सासूला सोडत नाही तो कोणाला सोडणार? इथला माल घेत राहा." सासूने जावयाचे हात ओले केले असतील, ही बाजारातली कुजबुजही बंद झाली. वखार वाचली, जावईबापू. तुमचे उपकार फेडायच्या गोष्टी मी करणार नाही. राहू देत ते माझ्या डोक्यावर, मला त्यांचं ओझं होत नाही. फक्त पुन्हा माझ्यासाठी असं करू नका.

हे पत्र पोस्टाने येत नाही. जिच्या हाती पाठवते आहे तिला सांगितलंय, मालाच्या हिशोबाचं आहे, नवऱ्याला दे आणि उलट पावली परत ये. पाकीट चिकटवलेलं नाही. दुसऱ्यांची पत्रं वाचायची तिची खोड लहानपणापासूनची आहे, आणि बसचा प्रवास लांबचा आहे.

तेव्हा पोरी, इथपर्यंत आलीच आहेस तर ऐक. तुझा नवरा कसा आहे हे मला तोंडाने सांगता आलं नाही, कारण आधी तुझी आई कशी आहे ते सांगावं लागलं असतं. आता दोन्ही कळलं. बाहेर कुणाजवळ अक्षर काढू नकोस, त्याची नोकरी आहे. पत्र त्याच्या हातात दे, आणि परत येऊ नकोस.

तुम्हा दोघांची,
लबाड आई