बोगद्यातले रंग

बेळ्ळंदूर, बेंगळुरू
शुक्रवार

प्रिय स्मिता,

गेले कित्येक दिवस तू विचारते आहेस की मी व्हिडिओ कॉल सोसायटीच्या बाकावरूनच का करतो, घरातून हाकललंय का मला. तर ऐक. घरात बसायला जागाच नव्हती. सोफा स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला, कपाटं चादरी पांघरून मधोमध उभी, आणि मी त्यांच्यामधून आडवा होऊन ये-जा करत होतो. मी आपल्या घराला रंग काढला. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मला मध्येच तोडलं असतंस आणि मग मी चिडलो असतो, म्हणून सरळ लिहायला बसलो.

आता तू कपाळाला हात लावला असशील. ज्या माणसाने लग्नात तुझ्या हिरव्यागार शालूला तपकिरी म्हटलं, जो अजूनही हिरवे टोमॅटो पिकलेले समजून किलोभर घेऊन येतो, त्याने भिंतींचे रंग निवडले! लाल आणि हिरवं मला वेगळं दिसत नाही हे इतकी वर्षं तू एकटीने निभावलंस. शर्ट तू निवडलेस, मोज्यांच्या जोड्या तू लावून ठेवल्यास, बँकेत कुणाला पत्ता लागला नाही. अशा माणसाने तुला न विचारता रंगाच्या दुकानाची पायरी चढणं म्हणजे कमालच. पण तुला विचारायचं नव्हतं. का, ते शेवटी सांगतो.

मुग्धाच्या बाळंतपणाला म्हणून नागपूरला गेलीस. आता आपली नात हसायला लागली तरी तू परतीचं तिकीट काढलेलं नाहीस. मी विचारत नाही, तू सांगत नाहीस. मुग्धाच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे हे मात्र दर फोनला सांगतेस. निघताना विमानतळावर म्हणाली होतीस की त्या बोगद्यात परत यायचं जिवावर येतं. तू हसत म्हणालीस, पण मला ते लागलं. आपल्या लेकाने, मल्हारने, आपल्याला हौसेने इथे आणलं आणि वर्षभरात तोच जर्मनीला गेला, यात माझा काही दोष नाही. मला इथे आवडतं ते आवडतं. सकाळची गार हवा, तळ्याकाठी फिरायला येणारे मित्र, कोपऱ्यावरची कॉफी. पण तू गेल्यापासून ती कॉफीसुद्धा नुसती गरम लागते.

बोगदा मात्र तू खरंच म्हणालीस. दारात उभं राहिलं की हॉल, जेवणाची जागा, बोळ आणि शेवटची आपली खोली, सगळं एका ओळीत दिसतं. आणि एवढ्याशा जागेत मल्हारने प्रत्येक ठिकाणी वेगळी हौस भागवलेली. हॉलची भिंत चॉकलेटी, टेबलामागची गडद निळी, आपल्या खोलीला वांग्याचा रंग. मोबाईलच्या दुकानात राहिल्यासारखं वाटतं, असं तू म्हणायचीस. एक भिंत संपून दुसरी सुरू झाली की मला ठेच लागल्यासारखं व्हायचं, मग डोळे शाबूत असलेल्या तुझं काय होत असेल!

रंगारी मिळाला गिरीराज, अथणीकडचा, म्हणून मराठी बोलणारा. मला अण्णा म्हणतो आणि तोंडाला विश्रांती देत नाही. हॉलला नारिंगी मारूया, एकदम खुलतंय बघा ओ, असं त्याने पहिल्याच दिवशी सुचवलं. मी त्याला चहा पाजून घालवला आणि रंगांची पुस्तकं ठेवून घेतली. मला रंगाचं नाव कळत नाही, पण फिकं किती नि गडद किती हे बरोबर कळतं. संध्याकाळी दिवा न लावता मी ते नमुन्याचे कागद फरशीवर मांडून बसायचो, आपल्या खोल्यांच्याच क्रमाने. ओळीत जो डोळ्याला टोचेल तो बाहेर. असं करत तीन उरले. एक राखाडी, एक जरा पिवळट राखाडी आणि एक किंचित खोल राखाडी. निवृत्त माणसाला शोभतील असे, सभ्य. मी बोट ठेवून दाखवले तर गिरीराजने आधी कागदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नक्की हेच का अण्णा, स्वल्प विचार करा की, म्हणाला. मी म्हटलं, नक्की. तुझं-माझं एवढं जुनं गुपित रंगाऱ्यापुढे कशाला फोडायचं?

काम झालं त्या दिवशी खालच्या मजल्यावरची पवित्रा वांगीबाताचा डबा घेऊन आली. मी ऐटीत विचारलं, कसा काय वाटतो राखाडी? ती इतकी हसली की तिला डबा खाली ठेवावा लागला. अंकल, राखाडी कुठाय, असं तिच्या त्या हुबळीच्या मराठीत म्हणाली आणि मग माझा हात धरून एकेक भिंत ओळखीची करून दिली. हॉल गुलाबी आहे, पेरूच्या गरासारखा. जेवणाची जागा आणि बोळ बदामी. आणि आपली खोली पिस्ता. मिठाईच्या दुकानात राहायची वेळ आणली की काय मी आपल्यावर! पण पवित्रा जाईना. दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. घर आमच्याएवढंच ना तुमचं, मग मोठं कसं दिसतंय, म्हणाली. कुठलीच भिंत पुढे पुढे करत नाही, एक रंग कधी संपतो आणि दुसरा कधी लागतो ते कळत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दाखवायला घेऊन आली. गिरीराज तर इतर गिऱ्हाइकांना आपल्या हॉलचे फोटो दाखवत फिरतो आणि हे सगळं आमच्या अण्णांचं डोकं, असं सांगतो. मी मान डोलावतो. आयती मिळालेली कीर्ती कोण सोडेल?

पवित्रा गेल्यावर मी मुग्धाला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आईला रंग कुठला आवडतो गं? इथे येण्याआधीचं आपलं नागपूरचं घर बांधलं तेव्हा तू सगळीकडे क्रीम लावलंस, आणि ते तुझ्या आवडीचं असेल असं मी धरून चाललो होतो. मुग्धा पटकन म्हणाली, गुलाबी. मग म्हणाली, पण आईचं नेहमीचं एकच, त्यांना दिसत नाही तर मी एकटीने काय बघायचं. स्मिता, मी फोन ठेवला आणि त्या हॉलमध्ये बसून राहिलो. रडू आलं मला. तुला हसायचं तर हस.

आता ते लपवून का केलं, ते सांगतो. हा रंग मी तुझ्यासाठी काढलाच नव्हता, भाडेकरूंसाठी काढला. तू येत नसशील तर आपणच नागपूरला जावं असं मी ठरवलं होतं. मल्हारशी बोललो, त्याची ना नव्हती. तुला आधी सांगितलं असतं तर माझं इथलं सगळं सुटेल म्हणून तू अडवलं असतंस, आणि मलाही कदाचित अडवून घ्यायला आवडलं असतं. काल पुण्याचं एक जोडपं घर बघायला आलं. चांगली मुलं आहेत, इंदिरानगरला नोकरी करतात. मुलीला घर दारातूनच आवडलं. टीव्ही कुठे लावायचा ते ठरवत तिने त्या गुलाबी भिंतीवर हात ठेवला, आणि मी एकदम बोलून गेलो की घर रिकामं नाही, माझी बायको यायची आहे. ती दोघं बिचारी माफी मागून गेली. तेव्हा आता तू ये. आठ दिवस राहा, घर बघ, आणि मग नागपूरच म्हणालीस तर मी तोंड वाकडं न करता स्वतः कुलूप लावीन आणि तुझ्याबरोबर निघेन. पण तुझा रंग तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला वापरू देणार नाही. मला त्या भिंती अजूनही राखाडीच दिसतात. तू त्यांच्यासमोर बसलीस की मी तुझ्या चेहऱ्याकडे बघेन, म्हणजे मला गुलाबी कसा असतो ते कळेल.

तुझाच,
पद्मनाभ