समासातलं नाव

अण्णा, तुमचं बिंदुनामावलीचं रजिस्टर मागच्या आठवड्यात पुन्हा माझ्या टेबलावर आलं. लाल कापडाची बांधणी कोपऱ्यात उसवली आहे. पानांना अजून तुरीच्या भुशाचा वास येतो असं मला वाटलं. शेजारी संगणकावर बसणारी पोरगी म्हणाली, वाळवीच्या पावडरचा वास आहे तो. असेल. कुठल्या जागेवर खुल्या यादीतला माणूस बसायचा आणि कुठल्या जागेवर कोणत्या राखीव गटातला, हे ओळीनं सांगणारं हे रजिस्टर नवा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही स्वतःच्या हातानं आखलंत. एक ओळ म्हणजे एक बिंदू, आणि एक बिंदू म्हणजे एका घरची चूल, असं तुम्ही म्हणायचात. आता वरून नवा आकृतिबंध मागवलाय, म्हणजे किती पदं ठेवायची आणि किती छाटायची त्याची यादी. मी या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होते आणि माझ्या मागोमाग माझी खुर्चीही छाटायच्या यादीत आहे. ती यादी तयार करणारीही मीच. सरकारी विनोद असे असतात, त्यांना हसायला जरा वेळ लागतो.

तुमच्यासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा लातूर जिल्हा नवा होता, साहेब नवे होते, फक्त खुर्च्या जुन्या जिल्ह्यानं टाकून दिलेल्या. कार्यालय मोंढ्यातल्या, धान्याच्या एका भाड्याच्या गोदामात. दुष्काळाचं दुसरं वर्ष. मंजूर पदांच्या निम्मीसुद्धा माणसं नव्हती, आणि जी होती तीही टँकरचा भोंगा ऐकला की घागरी घेऊन पळायची. फायली पंख्याखाली फडफडत राहायच्या. तुम्ही तेवढे जागेवर. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, समोर रेघा मारायचा शिसवी रूळ. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलात म्हणून मराठी अक्षर तुम्ही कोरल्यासारखं काढायचात, पण स्वतःसाठी काही टिपायचं असलं की पेन्सिलीनं समासात, उर्दूत, उजवीकडून डावीकडं. आम्हाला वाटायचं, अण्णांचे हिशेब असतील. बायकांसाठी संडास नव्हता, कारण बायकाच नव्हत्या. मी आले तेव्हा तुम्ही शेजारच्या अडत्याच्या घरी जाऊन माझी सोय केलीत आणि परत येऊन सगळ्या दफ्तराला ऐकू जाईल असं सांगितलंत, "बाई आलीया हाफिसात. आजपास्नं शिव्या बंद." पहिल्याच दिवशी दुपारी तुम्ही तुमच्या तांब्यातलं पाणी मला द्यायला उठलात. मी किनवटकडच्या जंगलातली, आदिवासी वसतिगृहात वाढलेली. सवयीनं ओंजळ पुढं केली. तुम्ही थांबलात. "गिलास घे. हात धुवायचेत का तुला?" असं म्हणून तुमचाच पेला माझ्यापुढं सरकवलात. ते पाणी मला अजून आठवतं. खारट होतं.

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही मला कच्च्या यादीवरून रजिस्टर उतरवायला दिलंत. भोकरकडचा एक मुलगा होता, तांड्यावरचा, मार्कांवर खुल्या यादीत आलेला. मी त्याची जात पाहिली आणि त्याला भटक्यांच्या बिंदूवर लिहून मोकळी झाले. तुम्ही रूळ टेबलावर आडवा ठेवलात.

"हे काय केलीस?"

"तो भटक्या जमातीचा आहे, अण्णा."

"मला दिसतंय ते. त्यो मार्कावर आलाय. मार्कावर आलेला माणूस खुल्या बिंदूवर. त्याला हिकडं कोंबलीस तर हिकडचा कोण भाईर गेला? नाव सांग."

"ठाऊक नाही."

"ठाऊक न्हाई अन् कलम चालवून राहिलीस. यादी काढ. नाव सापडंपर्यंत दोघांनीबी जेवायचं न्हाई."

मी यादी काढली. अक्षरं दिसेनात, कारण डोळे भरून आलेले. तुम्ही खाली मान घालूनच म्हणालात, "पाण्याची टंचाई हाय, अव्वा. जपून वापर." उदगीरकडं लेकीला अव्वा म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं ही आणखी एक शिवी. नाव सापडलं. देगलूरकडच्या एका मुलाचं होतं. तुम्ही ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलंत, दोन्ही नोंदी नीट करून घेतल्यात आणि मगच डबा उघडलात. पुढं माझ्या हाताखाली जे कोणी शिकलं त्या सगळ्यांना मी हेच शिकवलं. बाहेर कोण गेलं, नाव सांग. पोरं वैतागतात, पण चुकत नाहीत.

माझी स्वतःची नोंद मागं राहिली होती, कारण माझे जातपडताळणीचे कागद किनवटहून रमतगमत आले. तोवर वरून काटकसरीचं पत्र येऊन धडकलेलं: टंचाईवर खर्च होतोय, नव्या जिल्ह्यातली पदं कमी करा, खुल्या बिंदूवर जे शेवटी आले त्यांना आधी काढा, राखीव बिंदूंना हात लावू नका. त्या दुपारी तुम्ही रजिस्टर उघडलंत आणि विचारलंत, "तुझा नंबर?" मी म्हणाले, "खुल्या यादीत सातवी. आदिवासींच्या यादीत पहिली." तुमचं पेन वर तसंच राहिलं. बाहेर ट्रक रिकामा होत होता, पोती पडल्याचा आवाज येत होता. मी मोजून पाहिलं नाही, पण बरीच पोती पडली. मग तुम्ही माझं नाव आदिवासींच्या बिंदूवर लिहिलंत. टीपकागद दाबलात, समासात पेन्सिलीनं काहीतरी खरडलंत आणि पान उलटलंत. तो नियम तुम्हीच मला रडवून शिकवला होता, आणि मी शेजारी उभी होते. तुम्ही नाव विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

नाव तर मला पाठ होतं, अण्णा. आदिवासींच्या यादीत माझ्या खाली दुसरं नाव माझ्या मैत्रिणीचं होतं. वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही सात वर्षं राहिलो, दोघींत मिळून एक पत्र्याची पेटी. जागा एकच होती. मी खुल्यावर गेले असते तर ती जागा तिची होती, आणि सगळ्यांत शेवटी नोंद झालेली मी दिवाळीच्या आत घरी बसले असते, कारण खुल्यातल्या शेवटच्या दोघांना तेव्हा काढलंच. त्यात भोकरचा तो मुलगाही होता, ज्याला मी नियमानं तिथं नेऊन बसवलं होतं. जाताना तो मला नमस्कार करून गेला. त्याला कुणी सांगितलं असेल की या बाईनं तुझी नोंद बरोबर केली.

मैत्रिणीचं पोस्टकार्ड आलं. "तू लागलीस, लई बरं झालं. माझा नंबर कवा लागंल? मी वाट पाहून राहिले." मी उत्तर पाठवलं, "जागा भरल्या, यादी संपली." वाक्य सरकारी होतं, म्हणून खोटं वाटलं नाही. ती आश्रमशाळेत रोजंदारीवर पोळ्या लाटायला लागली आणि तिथंच राहिली. दरवर्षी सीताफळं एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवते, अजूनही. टोपलीत वरच्या थराला चांगली आणि खाली किडकी असं ती कधी करत नाही, सगळी चांगली असतात.

पुढं वेतन आयोगामागून आयोग आले. माझा पगार वाढत गेला आणि आजूबाजूची टेबलं रिकामी होत गेली. सुरुवातीला माझ्या पगारात खोलीचं भाडं आणि रॉकेल भागायचं. आता पगार चांगला आहे, पण तीन टेबलांचं काम एका टेबलावर आहे. लोक नवस बोलतात तशी भरती जाहीर होते. मधल्या काळात कुणीकुणी माझ्या पाठीमागं "सवलतीतली बाई" म्हणायचे. गुणवत्ता यादीची नक्कल माझ्या कपाटात होती, सातव्या क्रमांकावर माझं नाव. एकदा ती सगळ्यांच्या तोंडावर फेकावी असं फार वाटलं. फेकली नाही. तुमची चूक उघडी पडेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. निवृत्त होताना तुम्ही मला तो शिसवी रूळ दिलात आणि म्हणालात, "रेघ सरळ मारत जा." तेव्हा विचारायचं होतं, माझी नोंद चुकून तशी झाली की जाणूनबुजून. नंतर तुम्ही गेल्याचं कळलं आणि उदगीरला आले, तेव्हा तुमच्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवलेलं होतं, गळ्यात हार. थेट दफ्तरात बसल्यासारखे दिसत होतात. तेव्हाही मनात तेच आलं, की आता विचारावं.

मागच्या आठवड्यात ती संगणकावरची पोरगी जुनी पानं स्कॅन करत होती. पोरगी नांदेडची, उर्दू शाळेत शिकलेली. कंत्राटदाराची माणूस, अकरा महिन्यांच्या आदेशावर. माझ्याइतकंच काम करते आणि तिचा पगार मला विचारायलासुद्धा लाज वाटते. कंत्राटी माणसाला बिंदू नसतो. तिनं तुमच्या समासावर बोट ठेवलं. मी म्हणाले, सोड गं, अण्णांचे हिशेब आहेत. ती म्हणाली, "नइं मॅडम, ये हिसाब नइं है. किसीका नाम है." आणि तिनं वाचून दाखवलं. माझ्या मैत्रिणीचं नाव, तिच्या बापाचं नाव, आणि पुढं किनवट.

म्हणजे तुम्ही यादी काढली होती. त्या दुपारी यादी समोर नव्हती, म्हणजे मी सातवी असं म्हणायच्या आधीच तुम्ही नाव शोधून ठेवलं होतं. पोरीला मी चहा आणायला पाठवलं आणि दार लोटून बसले. मला तुमचा राग आला, अण्णा, आणि तो असा तसा नव्हता. माझ्यावर दया केलीत ती तिच्या ताटातली. मी तुमच्यासमोर उभी होते, तुमच्या पेल्यातलं पाणी प्यायले होते. ती नुसती यादीत होती, म्हणून ती गेली. आणि त्याच रागात हेही कळत होतं की माणूस चुकून चुकला असता तर त्यानं समासात नाव लिहिलं नसतं. तुम्ही ते खोडायला नाही, कुणीतरी कधीतरी वाचावं म्हणून लिहिलंत, असं मी धरून चालले आहे. फक्त ते माझ्याच हाती येईल असं वाटलं नसेल.

मी चूक दुरुस्त करायची ठरवली. मी खुल्या बिंदूवर गेले की आदिवासींचा बिंदू इतकी वर्षं रिकामा होता हे कागदावर येतं, त्याचा अनुशेष होतो, आणि अनुशेषाची जागा छाटायच्या यादीत अशी सहज ढकलता येत नाही. साहेब तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "मॅडम, पंधरा दिवस राहिलेत. स्वतःच्या नोंदीला लाल शाई लागली तर तुमची पेन्शनची फाईल परत येईल, वर्षभर फिरत बसेल. कशाला विकतचं दुखणं घेता?" मी म्हणाले, "माझी नोंदच चुकीची असली तर पेन्शन तेवढी बरोबर कशी, साहेब? फिरू द्या. मलाही आता फिरायला वेळच आहे." त्यांनी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी फाईल ओढून घेतली.

तुमचाच रूळ धरून तुमच्या ओळीवर रेघ मारली. शेऱ्यात तुमच्यावर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं, मेलेल्या माणसाची चौकशी लागत नाही. मी लिहिलं: "नोंद घेतेवेळी संबंधित कर्मचारी समक्ष हजर होती व तिला नियमाची माहिती होती." साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, हे वाक्य लागतंच का? लागतं, मी म्हणाले. मग समासातल्या तुमच्या पेन्सिलीशेजारी तेच नाव मराठीत, शाईनं लिहिलं. प्रस्ताव सोमवारी गेला. जागा वाचेल की नाही माहीत नाही. नाही वाचली तर निवृत्त बाई म्हणून अर्ज करीन, माहितीच्या अधिकारात विचारीन, दर महिन्याला जाऊन दारात उभी राहीन. ही जागा भरून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. तिकडच्या जंगलातली कुणीतरी पोरगी त्या बिंदूवर बसेल. माझी मैत्रीण नव्हे. तिचं वय माझ्याइतकंच आहे.

रविवारी मी किनवटला जाते आहे. लातूरहून नांदेडपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. तिला सगळं सांगायचं आहे: बिंदू, यादी, ते पोस्टकार्ड. तुमचा नियम होता, आधी कच्चं लिहायचं, मग पक्कं. हे पत्र तुम्हाला म्हणून लिहायला बसले खरी, पण हे तिच्यासाठीचं कच्चं आहे, अण्णा. तुम्ही उत्तर देत नाही म्हणून तुमच्यापुढं जमलं. हे कुठं पाठवायचं नाही, रजिस्टरच्या पुठ्ठ्यात सरकवून ठेवीन. बाकीचं तिच्यासमोर बोलेन, तेवढी हिंमत मी केली आहे. एकच गोष्ट तिला सांगवेल असं वाटत नाही, म्हणून इथं लिहिते. त्या दुपारी तुम्ही पान उलटलंत तेव्हा मला बरं वाटलं होतं. तिचं नाव माहीत असूनही बरं वाटलं होतं.