सहाव्या रात्रीचा कोरा कागद

१२ नोव्हेंबर १९३३

आज पोहोचले. आगबोट रेवसला लागली तेव्हा ओहोटी होती. शेवटचं अंतर चपला हातात धरून चिखलातून चालावं लागलं. अवजारांची पेटी मी हमालाला दिली नाही, डोक्यावर घेतली. धक्क्यावरचे लोक हसले आणि मीही हसले. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं, म्हणून लिहून ठेवते. पुढे अलिबागेपर्यंत टांगा, मग बैलगाडी. काशीदच्या अलीकडे हे गाव आहे.

तालुक्याच्या दवाखान्याने मला इथे परीक्षा पास झालेली सुईण म्हणून नेमलं आहे. राहायला खोली ठमाबाईंच्या घरी मिळाली. घर सुपारीच्या वाडीत आहे. अंगणभर सुपारी वाळत घातलेली, पलीकडे माडांच्या आडून समुद्र. ठमाबाई विधवा आहेत, साठीच्या, आवाज खणखणीत. मुलगा तुकाराम मालाच्या मचव्यावर खलाशी, महिन्यातून एकदा घरी येतो. सून नलू, वय एकोणीस, आठवा महिना सरला आहे.

ठमाबाईंनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं की एवढी कोवळी सुईण कशी, स्वतःचं एखादं झालंय का. मी सांगितलं, लग्न झालेलं नाही, पण शंभरावर बाळंतपणं माझ्या हातून पार पडली आहेत. त्या म्हणाल्या, मग शंभर बारशांचं जेवण तुझं बाकी हाय, बस, भाकर घे.

खोलीला खिडकी आहे आणि टेबलही. मी खूश आहे.

१५ नोव्हेंबर

टेबलाचा उपयोग सुरू झाला. रुग्णालयात शिकत असताना ड्यूटी संपली की मी रोज एक पत्ता करायची. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा खेळायच्या पत्त्याएवढा कापायचा. त्यावर त्या दिवशी हाताला लागलेल्या वस्तू चिकटवायच्या: बाटलीची चिठ्ठी, पट्टीच्या कापडाचा तुकडा, दोरा, आगपेटीची कड, तिकीट. वर शाई, हळद, काजळ, जे असेल त्याचा हात. खळ गव्हाच्या पिठाची, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. दिवस मावळायच्या आत पत्ता पुरा करायचा आणि वाळल्यावर त्याला हात लावायचा नाही. चेहरा मी कधी काढत नाही.

हे का करते असं कुणी विचारलं की मी सांगते, हात स्थिर राहतो. ते खरं आहे, पण पुरतं नाही. दिवसभर जे पाहिलं ते कुठेतरी ठेवून हात धुवायचे असतात.

आजचा पत्ता: सुपारीच्या सालीचे धागे, बोटीच्या तिकिटाचा कोपरा, खाडीचा चिखल पाण्यात कालवून. बरा साधला. ठमाबाई दारातून डोकावून गेल्या. नंतर नलूला सांगत होत्या की नरसबाय एकलीच पत्ते खेलते, म्हंजे हरायची भीती न्हाय.

२० नोव्हेंबर

नलूला तपासलं. मूल आडवं नाही, ठोके चांगले. हे तिसरं. आधीची दोन कुठे आहेत, असं विचारलं तर तिने माडांकडे बोट केलं. दोन्ही आठव्या दिवशी गेली. आधी दूध ओढायचं थांबलं, मग जबडा आवळला, मग अंग धनुष्यासारखं वळलं.

मी विचारलं, नाळ कशाने कापली होती. ठमाबाईंनी कोपऱ्यातला विळा दाखवला, ज्याने सुपारी सोलतात तोच. दोन्ही वेळा त्यांनीच कापली होती.

मी त्यांना धनुर्वात म्हणजे काय ते सांगितलं. शेण, माती, गंजलेलं पातं. विळा पाण्यात उकळला असता तर दोन्ही मुलं आज अंगणात खेळत असती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सटवाईनं लिवलं व्हतं तसं झालं.

मला इतका राग आला की मी जेवले नाही. दोन मुलं मेली आणि दोष कुणाचा, तर न दिसणाऱ्या एका बाईच्या हस्ताक्षराचा. नलूनेही मान हलवली, याचा राग जास्त आला.

२७ नोव्हेंबर

दुपारी नलू बाळंत झाली. मुलगा. वजन सहा रत्तल. कात्री माझी, वीस मिनिटं उकळलेली. दोरा उकळलेला. ठमाबाईंना मी हात धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडू दिला नाही. त्या शिव्या देत धुवायला गेल्या.

बाळ मोठ्याने रडलं. मी ते नलूच्या कुशीत ठेवलं तेव्हा तिने आधी त्याचा जबडा चाचपला.

३ डिसेंबर

काल सहावी रात्र होती. उशाशी पाटा मांडला, समई लावली, शेजारी दौत, बोरू आणि कोरा कागद. रात्री सटवाई येऊन मुलाचं नशीब लिहिते. सकाळी तो कागद भरतीच्या पाण्यात सोडायचा, ही या घराची रीत. कागद तुकारामने मुंबईहून आणलेला, हातबनावटीचा, जाड, मऊ. असा कागद मला दोन वर्षांत मिळालेला नाही.

सकाळी ठमाबाईंचे गुडघे आखडले होते. मी म्हटलं, मी जाते समुद्रावर. त्यांनी विश्वासाने कागद माझ्या हातात दिला.

मी समुद्रावर गेले नाही. वाडीच्या कडेपर्यंत जाऊन परत आले. कागद दोन्ही बाजूंनी कोरा होता. या कोऱ्या कागदाच्या नावावर दोन मुलं पुरली गेली. तो पाण्यात सोडला असता तर मीही त्या खोटेपणाला मान हलवली असती. मी पट्टी आणि चाकू घेतला आणि त्याचे बरोबर आठ पत्ते कापले.

आजचा पत्ता त्यातल्या पहिल्यावर केला. डाव्या वरच्या कोपऱ्यात साखरेच्या पुड्याच्या निळ्या कागदाचा त्रिकोण. खळ ओली असताना कागदावर तपकिरी रेघा उमटल्या, बारीक, ओळींसारख्या. वाळल्यावर गेल्या. कागदात कांजी असेल म्हणून कडेला आयोडीनचा थेंब टाकला. रंग बदलला नाही, म्हणजे कांजी नव्हती.

४ डिसेंबर

आठवा दिवस. जबडा मऊ, दूध चांगलं ओढतो. मी जिंकले. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते.

एक गोष्ट मात्र. बाळाच्या वरच्या ओठाच्या डाव्या टोकाला निळा डाग आहे, तिकोनी. श्वास स्वच्छ, ठोके नियमित, नखं गुलाबी. कारण सापडत नाही.

आजचा पत्ता, त्याच कागदातला दुसरा: पट्टीच्या कापडावर लाल दोऱ्याचे तीन वेढे.

५ डिसेंबर

बाळाच्या मनगटावर तीन लाल वळ. मी ठमाबाईंना धारेवर धरलं. गंडा बांधला असेल तर आत्ता सांगा, रक्त थांबलं तर हात जाईल. त्यांनी नातवाची शपथ घेतली. मी खोटारड्या म्हणाले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “बाय, तुझ्या हातून जलमलं ते. मी कशाला त्याला गाठ मारू?”

खोलीत येऊन पत्ता पाहिला. तीन वेढे.

मी योगायोग मानत नाही आणि चमत्कारही मानत नाही. तपासून पाहते. आजच्या पत्त्यावर फक्त एकच वस्तू ठेवली: सुपारीच्या सालीचा अर्धगोल, उजवीकडे, अगदी खाली.

६ डिसेंबर

उजव्या टाचेवर. अर्धगोल. तपकिरी.

मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि नलूला काही बोलले नाही. एका जिवंत मुलावर मी प्रयोग केला. आज पत्त्यावर फक्त साधी खळ लावली. त्याने त्रास होणार नाही. दिवसभर बाळाचा चेहरा ओलसर, चिकट राहिला.

उद्यापासून पत्ते बंद.

७ डिसेंबर

पत्ता केला नाही. बाळ जागं झालं नाही. सकाळी नलूला वाटलं झोपलंय. दहाच्या सुमारास तिने हाक मारली. अंग गरम, पण श्वास नाही. मी तोंडाला तोंड लावून हवा भरली, पाठ चोळली, गरम-गार पाण्यात धरलं. काही नाही. ठोके ऐकू येत नव्हते. नलू माझे हात धरत होती आणि मी तिला ढकलत होते.

मग मी खोलीत धावले. उरलेल्यातला एक कागद घेतला, नलूच्या दुधाचे थेंब त्यावर पाडले, मऊ कापूस चिकटवला. कापूस अजून दाबतेच आहे तोवर ओसरीवरून रडणं ऐकू आलं.

तीन कागद उरले आहेत.

८ डिसेंबर

कागदाचे आठ पत्ते मी कापले. एक पत्ता, एक दिवस. अख्खा कागद किती वर्षांचा होता कोण जाणे.

ठमाबाईंना सगळं सांगितलं. त्या विळीवर नारळ खोवत होत्या, हात थांबला. मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “अगं बाय, तू त्याचं आयुक्ष कातरलंस.”

मग त्यांनी समजावलं, माझ्या अजाणपणाकडे पाहून लहान मुलाला समजावतात तसं. सटवाई आधी कागदावर लिहिते. कागदाला समुद्राचं पाणी लागलं की अक्षर कपाळावर उतरतं. याच्या कपाळावर काही उतरलंच नाही. आता पदर पसर, क्षमा माग, एवढंच आपल्या हातात हाय.

मी पदर पसरणार नाही. विळ्याने ती दोन मुलं मारली, हे खरं आहे. सटवाई येते आणि लिहिते, हेही खरं आहे. दोन्ही खरं असेल तर ती त्या दोन रात्री इथे बसली होती, हातात बोरू होता, कोपऱ्यातला विळा तिला दिसत होता आणि तिने आठ दिवस लिहिले. अशा बाईपुढे मी वाकायचं?

आजचा पत्ता: परत दूध, कापूस. दोन उरले.

९ डिसेंबर

जाड कागद वाफेवर धरला की त्याचे दोन पदर सुटतात. सावकाश, चाकूने. एकाचे दोन केले. एक दिवस मिळवला. तिने न दिलेला.

दुपारी वजन केलं. तीन रत्तल. बरोबर अर्धं. कानाच्या पाळीतून ऊन दिसतं. नलू विचारते, सगुणाताई, ह्याची सावली का पडत न्हाय.

१० डिसेंबर

दुसरा पदर. बाळ रडतं ते दुरून आल्यासारखं, कुशीत असूनही. दुपट्याचं वजन त्याच्याहून जास्त.

आता पदर सोडवणार नाही. एक कागद उरला, अख्खा. उद्याचा.

ठमाबाई दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसल्या आहेत. मी त्यांना खोटारड्या म्हणाले होते. त्याबद्दल काही बोलायला गेले तर म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, पोराकडं बघ.

कुणीतरी मलाही कधी सहाव्या रात्री कागद ठेवला असेल. कुणीतरी तो पाण्यात सोडला असेल. माझ्या कपाळावर ते आहे, पुरं, एकसंध. तिच्याच हातचं.

ओल्या कागदावर शाई उतरते. हे तर शाळेतलं पोरही जाणतं.

११ डिसेंबर

सकाळी भरतीच्या आधी. शेवटचा पत्ता समुद्राच्या पाण्यात भिजवला, माझ्या कपाळावर दाबून धरला. वाळू दिला नाही, काढला.

रेघा होत्या. या वेळी गेल्या नाहीत. दाट, बारीक, कागदाच्या कडेपर्यंत — वाचता येत नाही — पण पुष्कळ आहेत. पुष्कळ वर्षं.

काही चिकटवलं नाही. रंग नाही.

ठमाबाईंना सांगितलं कागद पाण्यात सोडा. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि मागे सरल्या. मग माझ्या पायाला हात लावू लागल्या. मी रागावले. म्हटलं, भरती उतरेल, जा.

गुडघे आखडलेले असताना धावत गेल्या.

सायंकाळ

सहा रत्तल. ओठ गुलाबी. टाच स्वच्छ. सावली —

घरभर रडतोय. नलू हसतेय.

मी वाकले नाही. चोरलं. सटवाईच्या डोळ्यांसमोर.

१२ डिसेंबर

अवजारं उकळायला काढली. एक वाकडं आहे, दोन दांड्यांचं. कशासाठी असतं ते आठवेना. हातात धरून बसले होते.

शंभरावर काहीतरी. काय ते शंभर?

राग आहे. तेवढा घट्ट आहे. कुणाचा —

१३

टेबलावर पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे. कुणीतरी नीट कापलेत. कडा सरळ. मला आवडले. कुणी केले विचारायला हवं —

आरशात कपाळ गुळगुळीत. पांढरं. तिथून बघताना काही —

ओसरीवर एक मूल आहे. गुटगुटीत. त्याच्याकडे पाहिलं की बरं वाटतं. का ते —

दुपार

एक मुलगी दारात उभी राहून हाका मारते आहे. सगुणाताई, सगुणाताई. रडते आहे. खांद्यावर मूल. माझ्याकडेच पाहते, पण हाक दुसऱ्याच कुणाला. तिला सांगायला हवं की इथे अशी कुणी —