हद्दीच्या आतली माडी

ता. ६ फेब्रुवारी

चि. घुम्यास, अ. आ.

तुझं पत्र पोचलं. नेहमीसारख्या पाच ओळी, त्यातल्या दोन हवेबद्दल. लहानपणी मी तुझं नाव घुम्या ठेवलं ते उगीच नाही. चौतीस वर्षं संरक्षण खात्यात आहेस, कारकुनाचा उपसचिव झालास, पण तिथे नेमकं काय करतोस ते सख्ख्या बहिणीला ठाऊक नाही. शेजारची शिंपीण विचारते तेव्हा मी सांगते, की तो खुर्चीत बसून देश राखतो. ती म्हणते, मग खुर्ची चांगली दणकट असेल.

आता बातमी. घरावर माडी चढवते आहे. एकच खोली, पण ऐसपैस, आणि ती तुझी. पुढल्या वर्षी निवृत्त झालास की त्या सरकारी क्वार्टरमधून थेट इथे यायचं. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, म्हातारपणी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. खिडकी टेकडीच्या बाजूला काढायला सांगितली आहे. गवंडी कुरकुरला, की तिकडून ऊन येईल. मी म्हटलं, माझ्या भावाने जन्मभर ट्यूबलाइट पाहिली, येऊ दे ऊन.

टेबल केवढं हवं ते कळव. वेळेवर जेवत जा, यापरतं माझं मागणं नाही.

तुझी
माई

ता. १९ फेब्रुवारी

ती. माईस, सा. न.

पत्र दोनदा वाचलं. माडीची कल्पना चांगली आहे, पण यंदा राहू दे असं वाटतं. माझा गुडघा हल्ली जिना चढू देत नाही. शिवाय निवृत्तीनंतर कुठे राहायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. तूच इकडे ये ना चार-सहा महिने. दोन खोल्या आहेत, एक तर नुसती बंदच असते.

ऑफिसात काम फार आहे. नव्या सचिवांनी एक मोठं प्रकरण माझ्याकडे सोपवलं आहे. त्याबद्दल लिहिता येत नाही. हवा कोरडी आहे.

शिंपीणबाईंना सांग, खुर्चीचा एक पाय डुगडुगतो.

आहे तेवढा लोभ राहू दे, वाढला तर हरकत नाही.

तुझा
घुम्या

ता. ११ एप्रिल

चि. घुम्यास, अ. आ.

तुझ्या गुडघ्यापायी गवंड्याकडून पायऱ्या पुन्हा करून घेतल्या. आता इतक्या बुटक्या आहेत की मांजरसुद्धा हसेल. स्लॅब पडला. मी स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी मारते.

‘अजून ठरवलेलं नाही’ असं तू लिहिलंस ते मला लागलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात अबोला धरला. मग वाटलं, इतकी वर्षं एकट्याने काढलेल्या माणसाला कुणी आपली वाट बघतंय याचीच धास्ती वाटत असेल. तर घाबरू नकोस. वर तुझं तू, खाली माझी मी. जेवायला हाक मारीन तेवढीच.

टेबलाचं माप अजून आलं नाही.

माई

ता. २ जून

ती. माईस, सा. न.

मागच्या आठवड्यात तापाने पडून होतो. चौथ्या दिवशी ऑफिसात गेलो तर शिपायाखेरीज कुणी विचारलं नाही. तक्रार नाही करत. आमच्या शाखेची रीतच तशी आहे. कॅन्टीनमध्ये मी एखाद्या टेबलाशी बसलो की तिथले आवाज खाली येतात, म्हणून मी भिंतीकडच्या टेबलाशी बसतो. तापात वाटत होतं, तुला बोलावून घ्यावं आणि मन मोकळं करावं.

माई, खिडकीची चौकट बसवू नकोस. फरशीही आणू नकोस. कारण विचारू नकोस, एवढं माझं ऐक.

(खालच्या तीन ओळी मीच खोडल्या आहेत. वाचायचा प्रयत्न करू नकोस.)

घुम्या

ता. १४ सप्टेंबर

रा. रा. उपसचिव साहेब, संरक्षण खाते, यांस,

आपल्या खात्याची नोटीस काल आमच्या आळीच्या एकेचाळीसही घरांना मिळाली. टेकडीवर आणि पायथ्याशी तोफांच्या सरावाचं मैदान होणार, सबब घरं रिकामी करावीत, हरकती असल्यास डिसेंबरात सुनावणीला मांडाव्यात, असा मजकूर आहे. खाली सही आहे. तो हात धरून पाटीवर अक्षरं मीच गिरवून घेतली होती, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

सोबत नकाशा आहे. त्यावर आखणीची तारीख आहे जानेवारीची. मी माडीचं कळवलं फेब्रुवारीत.

शिंपीणबाईंना मी काय सांगू, तेवढं कृपा करून कळवावं.

घर क्रमांक सतराची मालकीण

ता. २ ऑक्टोबर

ती. माईस, सा. न.

सांगतो. जानेवारीत नकाशा टेबलावर आला तेव्हा आपली आळी मी लगेच ओळखली. त्याच दिवशी सचिवांकडे गेलो, माझी बहीण तिथे राहते असं सांगितलं आणि हे प्रकरण दुसऱ्याकडे द्या म्हटलं. ते म्हणाले, आपण होऊन सांगायला आलात म्हणूनच ते तुमच्याकडे राहील. मात्र नोटीस निघेपर्यंत बाहेर एक अक्षर जाता कामा नये. मी बरं म्हटलं. चौतीस वर्षं तेच म्हणत आलोय.

आणखी एक तुला ठाऊक असावं. नकाशावरची मैदानाच्या हद्दीची रेघ चारशे मीटर पूर्वेला सरकवली असती तर कुणाला कळलं नसतं. तुझं घर वाचलं असतं. पण पूर्वेला दगडखाणीवरच्या मजुरांची साठ घरं आहेत, ती हद्दीत आली असती. तिथे माझी बहीण राहत नाही, एवढाच त्यांचा दोष. नकाशा तीन रात्री माझ्या कपाटात होता. मी रेघ हलवली नाही.

ते मी आजही तसंच करीन. पण तुझ्या पत्रांना जी उत्तरं पाठवली, ती आता मलाच वाचवत नाहीत.

घुम्या

ता. २० डिसेंबर

ती. माईस, सा. न.

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितो.

सुनावणीला मी टेबलाच्या या बाजूला आणि तू त्या. तुझा नंबर आला तेव्हा मला वाटलं, माडीबद्दल बोलशील. तू फक्त शाळेचं बोललीस. निवृत्त मास्तरीण म्हणून विनंती आहे, मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत एकही घर पाडू नये, मुलं अभ्यास कुठे करणार, असं म्हणालीस. मी मुदत जूनअखेरपर्यंत वाढवली. तू म्हणालीस, आभारी आहे, साहेब. आणि पुढच्या माणसाला वाट करून दिलीस.

दुसऱ्या दिवशी मोजणीदाराबरोबर घरी आलो होतो. किल्ली तू शिंपीणबाईंकडे ठेवून बाहेर गेली होतीस. त्या किल्ली ओट्यावर ठेवून आत गेल्या. मी वर गेलो. पायऱ्यांचा काही त्रास झाला नाही. तुझ्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट भिंतीपर्यंत आलं होतं. मोजणीदार माप सांगत होता आणि मी रकान्यात भरत होतो: वरचा मजला, एक खोली, नवी, कुणी राहत नाही.

मोजणीदाराने विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का. मी ऊन लागलं म्हणालो.

घुम्या

ता. ९ ऑगस्ट

ती. माईस, सा. न.

घरं जूनअखेर रिकामी झाल्याचा अहवाल माझ्यासमोरच आला. तू गावात भाड्याच्या दोन खोल्यांत गेलीस, हे त्यातूनच कळलं.

जुलैअखेर निवृत्त झालो. कपाटाच्या किल्ल्या दिल्या, ओळखपत्र दिलं. सचिवांनी चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि बोलण्यासारखं काही सुचेना. सगळ्यांना वाटलं, साहेबांना भरून आलं.

क्वार्टर या महिनाअखेर सोडायचं आहे. दोन पिशव्या आणि एक पेटी, एवढं सामान निघालं. आता माझ्यावर कसलंही बंधन नाही, वाटेल त्याच्याशी वाटेल ते बोलू शकतो. काल भाजीवालीशी बराच वेळ बोललो. ती म्हणाली, बाबा, गिऱ्हाईक खोळंबलंय.

तुझ्याकडे काही मागत नाही. प्रकृतीचं मात्र कळव.

घुम्या

ता. १७ ऑगस्ट

चि. घुम्यास, अ. आ.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून दिलं नाही.

रेघेबद्दल माझं म्हणणं नाही. ती तू हलवली असतीस तर त्या साठ घरांसमोर मला मान वर करता आली नसती. बाहेर बोललाही नाहीस, तेही समजू शकते. पण महिनोन् महिने मी माडी बांधत होते, ओल्या स्लॅबवर पाणी मारत होते आणि तू मला हवा कशी आहे ते कळवत होतास. ते जात नाही मनातून. प्रयत्न केला, गेलं नाही.

इथे दोन खोल्या आहेत. पलीकडे लोहाराचं दुकान आहे, दिवसभर ठणठण चालते. शिंपीण वरच्या मजल्यावर आली आहे, अजून तुझं नाव काढलं की तोंड फिरवते. जागा कमी आहे, तुला बाहेरच्या खोलीत झोपावं लागेल.

माझा राग गेला की मग ये, असं लिहिणार होते. पण माझं वय एकाहत्तर आहे आणि तो राग माझ्यापेक्षा तब्येतीने चांगला दिसतो. त्याची वाट बघत बसलास तर कुणीतरी तुला तारच करील. तेव्हा तो असतानाच ये. मी कदाचित पहिले काही दिवस बोलणार नाही. तू बोल. जे ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून, ते सगळं सांग. मी भाजी निवडत ऐकेन.

गाडी कोणती ते कळव. स्टेशनवर मी येणार नाही, पण दार उघडं ठेवीन.

तुझी
माई