पोलादी गिअर

रविवार, रात्र. भवानीनगर

राग काढायचा तरी कोणावर? सकाळी बापूरावांना माझ्या दुरुस्तीच्या दुकानात चांगलं झापलं. ट्रॅक्टरमागं माती फोडणाऱ्या रोटाव्हेटरला एक बोल्ट मुद्दाम कच्चा देतात. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतोय म्हणून ह्यांनी पक्का ठोकला, आणि गिअरबॉक्सच फोडून आणला. "बापूराव, त्या बोल्टाचं कामच तुटायचं असतंय," असं मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. काय गरज होती?

आणि मी काय केलं? माझ्या रिमोटच्या गाडीला जोरकस मोटर बसवली. प्लास्टिकच्या गिअरचे दात सारखे जायला लागले, म्हणून पोलादी गिअर मागवला. संध्याकाळी तोडणी झालेल्या उसाच्या रानात सोडली. काय पळाली. मग उसाच्या बुडख्यावर आदळली. पोलादी गिअरला ओरखडासुद्धा नाही. बाकी गिअरबॉक्सचे तुकडे.

रान नेमकं बापूरावांचं. त्यांनी गाडी उचलली, उलटी करून बघितली.

"ह्यो बारका गिअर कशाचा हाय?"

"पोलादी."

"आन् आदी?"

"प्लास्टिकचा."

त्यांनी खाली बसून एकेक तुकडा आपल्या टोपीत गोळा केला आणि टोपी माझ्यापुढं धरली. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

आत्ता त्यांचा फोन आला.

"उद्या येताना कच्चं बोल्ट दोन आणतो. एक तुझ्या गाडीला लाव."