आखाजीला बसवायचा रेडिएटर

५ एप्रिल, शनिवार. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. ट्रकच्या धंद्यात माणसाने लिहून ठेवावं, म्हणजे आपण किती बरोबर होतो ते पुढे दिसतं.
गाडीचा रेडिएटर गेला. मंगा म्हणाला, खालून जाळी कुजलीय, आता झाळ मारून भागणार नाही. (मंगा म्हणजे माझा ड्रायव्हर. चौदा वर्षं माझ्याकडे. पळासनेरच्या पलीकडच्या पाड्यावरचा.) मी वाकून बॅटरी मारली. कुजलीय. म्हणजे माझं निदान बरोबर निघालं.
नवा घ्यायचा. ओरिजिनल की लोकल, हे दुकानात जाऊन मोकळ्या मनाने ठरवणार. लोकलच घ्यायचा.

७ एप्रिल, सोमवार.
आग्रा रोडला झुंबरलालशेठच्या दुकानी गेलो. बायको, हेमलता, सोबत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.
शेठने तीन रेडिएटर समोर मांडले. एक कंपनीचा ओरिजिनल. दुसरा बाहेरच्या मेकचा, पण गॅरंटीवाला. शेठ म्हणाले, बाहेरचा म्हणजे वाईट असं काही नाही, हा मी माझ्या मेहुण्याच्या गाडीत टाकलाय. तिसऱ्यावर नावच नव्हतं. तो शेठ फक्त गावातल्या पाण्याच्या टँकरला देतात, घाट चढणाऱ्या गाडीला देत नाहीत.
मी तिसरा उचलून पाहिला. हलका. हलका म्हणजे आत हवा जास्त खेळणार. साधं फिजिक्स आहे, पण शेठची पिढी जुनी.
हेमलता म्हणाली, ओरिजिनल बांधा. शेठने विचारलंसुद्धा नाही, सुतळी घेतली. बायका आणि दुकानदार यांचं आधीच काहीतरी ठरलेलं असतं.
ती रिक्षात बसल्यावर मी परत जाऊन तिसराही घेतला. शेठला सांगितलं, भाच्याच्या टँकरसाठी. मला भाचा आहे. टँकर नाही.

८ एप्रिल, मंगळवार.
निर्णय. ओरिजिनल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बसवायचा. तोवर लोकल.
चांगली वस्तू चांगल्या दिवशी, ही आमच्या घरची रीत. सायकल आखाजीला, फ्रीज आखाजीला. आमच्या आबांनी नवी कवळी दीड महिना डब्यात ठेवली होती आणि आखाजीच्या आमरसालाच लावली. दीड महिना कण्या खाल्ल्या, पण शिस्त मोडली नाही.
हेमलता म्हणाली, गाडीला काय कळते आखाजी? मी ओरिजिनलची पेटी हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली. हळदकुंकू मीच वाहिलं.
बावीस दिवसांचा तर प्रश्न आहे.

११ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी.
लोकल रेडिएटरची पहिली फेरी. सरकी पेंड, धुळे ते इंदूर. गाडी गेली आणि परत आली. यश.
मंगा मात्र तोंड पाडून उभा. म्हणे सोनगीरलाच टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर. बिजासन घाटात लालला टेकला. अर्धा तास गाडी कडेला उभी केली. मी म्हटलं, धुळ्यात त्रेचाळीस डिग्री आहे, मीसुद्धा लालला टेकलोय. तो हसला नाही. चौदा वर्षांत माझ्या प्रत्येक विनोदाला हसलेला माणूस.

१४ एप्रिल, सोमवार.
गाडीखाली ओल आहे. चव्वेचाळीस डिग्रीत जमीन वाळत नाही म्हणजे बरंच पाणी गळतंय. पण सकाळी बघतो तर सात-आठ चिमण्या त्या डबक्यावर पाणी पिताहेत. बरं वाटलं. लोक गच्चीवर वाटी ठेवतात आणि फोटो टाकतात. आपण गुपचूप ट्रकने पाजतो.

१७ एप्रिल, गुरुवार.
दुसरी फेरी झाली. मंगाने केबिनमध्ये पाण्याचे दोन कॅन बांधलेत. सोनगीरच्या हॉटेलवाल्याने त्याला विचारलं म्हणे, गाडीला शुगर आहे का?
झुंबरलालशेठ रस्त्यात भेटले. कोणता बसवला विचारलं. ओरिजिनल, म्हटलं. ते म्हणाले, मग काळजी नाही. इतका सज्जन माणूस, त्याला उगाच काळजीत का टाका?
ते म्हणाल्यापासून मलाच जरा काळजी वाटतेय. ॲसिडिटी असेल.

२० एप्रिल, रविवार.
मंगा घरी आला. चप्पल बाहेर काढून हॉलच्या दारात बसला. आत ये म्हटलं तरी आला नाही, पण सगळा वेळ त्या पेटीकडे बघत होता.
त्याच्या पोरीचं, रुपलीचं माघात लग्न झालं. ही तिची पहिली आखाजी. अठ्ठावीसला माहेरी येणार. आंब्याला झोका बांधायचाय, एकोणतीसला सुटी पाहिजे. दिली. म्हटलं, अठ्ठावीसची इंदूरची फेरी कर, परत येताना घरीच उतर, गाडी मी येऊन नेईन. माणसं जपावी लागतात.
मग उठता उठता म्हणाला, "नाना, तो पेटीमधला बसाडी द्या ना. घाटमा माले भीती वाटस."
हेमलता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी पंख्याकडे.
आज बसवला तर आखाजीला काय बसवणार? दहा दिवस राहिलेत. इतकी शिस्त पाळली आणि काठावर येऊन सोडायची? मंगाला म्हटलं, बघतो. बघणार आहे.

२३ एप्रिल, बुधवार. दुपारी २.
रात्रभर विचार केला. पहाटे उजाडलं डोक्यात. रेडिएटर ठीक आहे. मंगा घाबरतो तो काट्याला! काटा वर गेला की त्याचा जीव वर जातो. म्हणजे दुरुस्ती काट्याची करायची.
नथ्थू वायरमनला बोलावलं. गेजच्या वायरीत त्याने बोटभर काहीतरी जोडलं. आता चावी फिरवली की काटा मधोमध येतो आणि तिथेच थांबतो. नथ्थूने दोनदा विचारलं की नाना, ड्रायव्हरला सांगणार ना? सांगणार म्हटलं.

२३ एप्रिल. संध्याकाळी ६.
मंगाला सांगितलं, गेज बिघडलेलं होतं, नथ्थूने नीट केलं.
त्याने गाडी चालू केली. पंधरा मिनिटं नुसता काट्याकडे बघत बसला. मग डॅशबोर्डला हात लावून कपाळाला लावला. चौदा वर्षांत मी या माणसाला एवढा आनंद कधी दिला नव्हता.

२५ एप्रिल, शुक्रवार.
जवळची फेरी, पाचोरा. काटा मधोमध. कॅन काढून टाकायला लावले. ते अविश्वासाचं लक्षण आहे आणि जागाही अडते.
मंगा म्हणाला, गाडी ओढत नाही, करपल्यासारखा वास येतो. मी विचारलं, काटा कुठे होता? तो म्हणाला, मधमाच. मग? तो स्वतःच म्हणाला, पेंडीचा वास असंल.
गाडीखालचं डबकं आता खाटेएवढं झालंय. चिमण्या येत नाहीत. उन्हाने असेल.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.
मंगा निघाला. फुल लोड. रुपलीसाठी हिरव्या बांगड्यांची डबी घेतलीय, ती समोर काचेपाशी ठेवली. हात हलवला. आज पंचेचाळीस होणार म्हणतात.
त्याला थांबवावं असं एकदा वाटलं. फाटकापर्यंत गेलोही. पण मग कारण सांगावं लागलं असतं.
परवा आखाजी. मेकॅनिकला सकाळी सातला बोलावलंय. नारळ आणला.

२८ एप्रिल. दुपारी ३.४०.
अनोळखी नंबर. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला.

२९ एप्रिल, मंगळवार. शिरपूर, दवाखाना.
घाट अर्धा चढल्यावर गाडी ओढेना. मंगाने कडेला घेतली. काटा मधोमध. इंजिन गरम नाही, म्हणजे पाणीच कमी झालं असेल, असं त्याला वाटलं. फडकं गुंडाळून त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. तापलेल्या गाडीचं झाकण त्याने चौदा वर्षांत कधी उघडलं नव्हतं. कोणीच उघडत नाही.
दोन्ही हात, गळा, अर्धा चेहरा. डावा डोळा दिसेल का, ते पट्टी काढल्यावर सांगणार आहेत.
मला पाहून तोच म्हणाला, चूक झाली नाना, हात लावून बघायला पाहिजे होतं. मी त्याला म्हटलं, असू दे. मी म्हटलं, असू दे! हे शब्द माझ्या तोंडून गेले.
बाहेर बाकावर रुपली. नव्या लुगड्यात. माहेरी आली ती सरळ इथेच. तिने विचारलं, "नाना, बा म्हणस, काटा मधमा व्हता. मंग पाणी इतलं कसं उकळनं?"
कँटीनमधून चहा आणतो म्हणून मी उठलो. परत गेलो नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.
मेकॅनिक सातला येऊन गेला. गाडी नव्हती. हेमलता माझ्याशी बोलत नाही. तिने पितरांची घागर त्या पेटीवरच मांडली आहे.
दुपारी शिरपूरला गेलो. दवाखान्यात जायचं ठरवून गॅरेजला गेलो. गाडी टोचन करून तिथे आणून ठेवलीय. इंजिनचं हेड फुटलंय. रेडिएटर उतरवून भिंतीला टेकवलाय, आत थेंब नाही. दोन दिवस इंजिन चालू नाही, सगळं थंडगार.
केबिनमध्ये चढलो. बांगड्यांची डबी तिथेच होती. थोडा वेळ मंगाच्या सीटवर बसलो आणि उगाचच चावी फिरवली.
काटा हळूहळू वर आला आणि मधोमध थांबला.