माझे कागद माझ्याच हाती

हॅस्लवर्थ, ९ मार्च २०१५

ती. हिल्डाआत्यास,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, तुझं मांजर आणि चर्चमधल्या बायकांवरचा तुझा राग, तिन्ही खुशाल असतील अशी आशा आहे. मी अजून तुरुंगाबाहेर आहे. (हे आधीच सांगितलं, नाहीतर तू पत्र न वाचताच शेगडीत टाकशील.)

माझ्यावर नजर ठेवणारे दोघं तुला माहीत आहेतच: हवालदार हॅगर्टी आणि प्रोबेशनच्या, म्हणजे सुटलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याच्या, पेनिंग्टनबाई. दोघं एकाच कचेरीत, एकाच टेबलाशी बसायचे. दर मंगळवारी मी बाईंपुढे हजेरी द्यायची, आणि त्यांना मी जरा गप्प वाटलो की चहा संपायच्या आत हवालदाराला कळायचं. अशाने घरफोड्या माणसाने पोट कसं भरावं? मग सरकारला सुधारणा सुचली. प्रोबेशन खात्याचे दोन तुकडे झाले. भयंकर माणसं सरकारकडे आणि किरकोळ माणसं एका कंपनीकडे. मी किरकोळ निघालो. (तेवीस घरं फोडून किरकोळ! दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.) बाईही कंपनीकडे गेल्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला, गालिच्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आणि हॅगर्टी परत ठाण्यात. तसं कळवणारं पत्र मात्र मी सोडलेल्या कोठडीच्या पत्त्यावर गेलं.

त्यामुळे मी तीन मंगळवार जुन्याच कचेरीत गेलो, दारातल्या वहीत सही केली, रिकाम्या टेबलासमोर तासभर ताठ बसलो आणि समाधानाने घरी आलो. इकडे कंपनीच्या संगणकाने तीन गैरहजेऱ्या मोजल्या आणि मला परत आत टाकायचा हुकूम काढला. गेल्या बुधवारी सकाळी हॅगर्टी तो घेऊन दारात.

"लेस्टर, तीन आठवडे होतास कुठे गाढवा?"

"खुर्चीत!"

"कुठल्या?"

"नेहमीच्या! तुमचाच पत्ता नव्हता!"

तो मटकन पायरीवर बसला. आता हे बाईंना कळवायचं, तर नव्या नियमाने त्याने अर्ज करायचा आणि दहा दिवस थांबायचं. बाईंनी त्याला विचारायचं तरी तेच. पण माणसाचे स्वतःचे कागद त्याने स्वतः न्यायला कुठेच बंदी नव्हती. हॅगर्टीने वहीच्या पानाची नक्कल घेतली, मला गाडीत घातलं आणि गालिच्यांच्या दुकानाखाली उभा राहिला (त्याला वर जायचा पास नाही). दोघांच्या चिठ्ठ्या पोचवत मी चार वेळा जिना चढलो-उतरलो. पोलीस आणि प्रोबेशन यांच्यात हॅस्लवर्थमध्ये उरलेला एकमेव दुवा म्हणजे तुझा भाचा!

चौथी चिठ्ठी बाईंनी दोनदा वाचली. मग त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. हॅगर्टीने लिहिलं होतं: "याला मी अकरा वर्षांत सहा वेळा पकडलं. दर वेळी पळाला. आज पकडायला गेलो तर भांडी घासत होता, आणि पळाला नाही. याला परत पाठवू नका." आत्या, मी थक्क झालो. माझ्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलंय, पण असं कुणी नाही. आणि खाली बघतो तर तो माणूस भर पावसात गाडीबाहेर उभा राहून वर खिडकीकडे बघत होता. माझ्यासाठी!

मांजराला माझा नमस्कार.

तुझा भाचा,
लेस्टर क्रॅबट्री

ता. क. हुकूम रद्द झालेला नाही, शुक्रवारपर्यंत थांबलाय. सुटलेल्या कैद्यांच्या वसतिगृहातली माझी खोली जातेय आणि पक्का पत्ता दिला तरच मी बाहेर राहीन. मी तुझा दिलाय.

ता. क. २. खरं सांगितल्याशिवाय मागायचं नाही, असं बाई म्हणाल्या. तुझ्या घरातलं काकांचं चांदीचं घड्याळ मी नेलं होतं. शेजारच्या क्लेगबाईंना चोर समजून तू सतरा वर्षं उगाच अबोला धरलायस.

ता. क. ३. गुरुवारी हॅगर्टी आणि बाई दोघं तुझ्याकडे येतील, एकाच गाडीतून, तुझ्या होकारासाठी. नकार असला तर त्यांना सांगू नकोस, आधी मला कळव. त्यांना मी सावकाश सांगेन. फार आशा लावून बसलेत बिचारे.